‘अ‍ॅम्बिशन’पुढे काय लिहाल?

कॉलेजातला प्लेसमेंटचा फॉर्म असो, बँकेच्या परीक्षेनंतरची मुलाखत असो की परदेशी विद्यापीठाला पाठवायचं निवेदन असो, ‘व्हॉट इज युअर अ‍ॅम्बिशन?’ हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या वेषात समोर येतोच. जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींची या प्रश्नाला आलेली उत्तरं मी बरीच वर्षं वाचतो आहे, ऐकतो आहे. बहुतेक उत्तरं एका शब्दात संपतात. कलेक्टर. पीएसआय. डॉक्टर. अलीकडे डेटा सायंटिस्ट. घरी आजीनं ‘तुले काय व्हवानं शे?’ म्हणून विचारलं तर असं एका शब्दात उत्तर दिलेलं चालतं, कारण नातवाचा बाकीचा इतिहास तिला तोंडपाठ असतो. टेबलापलीकडे बसलेल्या अनोळखी माणसाला तो ठाऊक नसतो. त्यानं सकाळपासून तेच तीन-चार शब्द ऐकलेले असतात आणि तुमचा शब्द त्या ढिगात जाऊन पडतो.

कलेक्टर होण्याची इच्छा धरण्यात काहीच गैर नाही. अडचण इंग्रजी वाक्याच्या शेवटाची आहे. आपण ‘अ‍ॅम्बिशन’च्या पुढे पदाचं नाव लिहितो आणि पूर्णविराम देतो. त्या जागी काम लिहायला हवं. असं का, ते या शब्दाच्या जन्मकथेतच दडलेलं आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

मतांसाठी फिरणारा माणूस

लॅटिन भाषेत ‘अम्बि’ म्हणजे भोवती आणि ‘इरे’ म्हणजे जाणं. दोन्ही मिळून ‘अम्बिरे’, म्हणजे भोवताली फिरणं. प्राचीन रोममध्ये अधिकारपदाची निवडणूक लढवणारे लोक चौकात, बाजारात, गल्लोगल्ली फिरत, लोकांचे हात हातात घेत आणि मतं मागत. या फिरण्याला ‘अम्बितिओ’ म्हणत. हे लोक अंगावरचा झगा खडूनं घासून पांढराफेक करून घेत. पांढऱ्याला लॅटिनमध्ये ‘कान्दिदुस’ म्हणतात, त्यावरून आला ‘कँडिडेट’. बड्या उमेदवाराच्या मागे एक गुलाम चाले. समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगणं हे त्याचं काम, म्हणजे मालकाला नाव घेऊन विचारपूस करता येई. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या दाणाबाजारात निवडणुकीच्या दिवसांत जो फिरला आहे, त्याला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. पांढरे कपडे तेच, जोडलेले हात तेच, आणि ‘साहेब, हे अमुक अण्णा, गेल्या वेळी आपल्याबरोबर होते’ असं कानाशी पुटपुटणारा कार्यकर्ताही तोच.

मतं मागता मागता पैसे वाटणं आलंच. त्या गुन्ह्यालाही याच कुळातला शब्द मिळाला, ‘अम्बितुस’. रोमन लोकांनी त्यावर एकामागून एक कायदे केले. इ.स.पू. 63 मध्ये सिसेरो सर्वोच्च पदावर असताना त्यानं या गुन्ह्याला दहा वर्षं हद्दपारीची शिक्षा लावणारा कायदा आणला. त्याच वर्षी याच गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुरेना नावाच्या नेत्याचं वकीलपत्रही त्यानंच घेतलं आणि त्याला सोडवलं. राजकारणी वकील दोन हजार वर्षांपूर्वीही आजच्यासारखेच होते म्हणायचं.

पुढे हा शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत उतरला. तोवर फिरणं मागे पडलं होतं आणि पद, मान, सत्ता यांची हाव एवढा अर्थ उरला होता. ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या लेखी तो दुर्गुण होता. 1599 च्या सुमाराच्या शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये सीझर ‘अ‍ॅम्बिशस’ होता एवढंच कारण त्याला मारण्यासाठी ब्रूटसला पुरतं. ‘मॅक्बेथ’ची तर सगळी शोकांतिका याच एका ओढीची आहे, शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधून ती मराठी प्रेक्षकानंही पाहिली. आजचा गौरवाचा अर्थ त्या मानानं अगदी अलीकडचा आहे. तो रुळला, पण जुना वास पुरता गेलेला नाही. ‘नेकेड अ‍ॅम्बिशन’, ‘ब्लाइंड अ‍ॅम्बिशन’, ‘पोलिटिकल अ‍ॅम्बिशन्स’ असे शब्द आजच्याही इंग्रजी वर्तमानपत्रात येतात आणि त्यातला एकही कौतुकाचा नसतो. म्हणून या शब्दापुढे नुसतं पद आलं की इंग्रजी कानाला खुर्चीची हाव ऐकू येऊ शकते. पुढे काम आलं की तोच शब्द सरळ आणि स्वच्छ वाटतो.

आपल्याकडे ‘उमेदवार’ फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार. निवडणुकीला उभा राहणाराही उमेदवार आणि नोकरीसाठी अर्ज करणाराही उमेदवारच. शिवाय ‘उमेदवारी करणं’ म्हणजे हाताखाली राहून काम शिकणं. इंग्रज अमलात कचेरीत कायम जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणाऱ्यांनाही उमेदवारच म्हणत. मुलाखतीला जाताना हा काम शिकण्याचा अर्थ डोक्यात ठेवलात तर निम्मं काम झालं. आपण काय मागतो आहोत यापेक्षा आपण काय शिकलो आणि काय केलं, हे सांगण्याकडे मन आपोआप वळतं.

फिरण्यावरून खान्देशातला एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर फिरले, पण मतं किंवा पद मागायला नाही. वाड्यांच्या माळ्यांवर आणि अडगळीत पडलेली जुनी दफ्तरं मिळवायला ते गावोगाव, पुष्कळदा पायी, हिंडले. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड उभे राहिले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी धुळ्यातल्या मंडळींनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं. शब्दांच्या मुळांचाही त्यांना मोठा ध्यास होता. मराठी धातूंचा त्यांचा कोश या मंडळानंच छापला. लॅटिन ‘अम्बिरे’चा अक्षरार्थ जगलेला, पण त्यातली हाव बाजूला ठेवलेला माणूस शोधायचा तर तो धुळ्यातच सापडतो. मुलाखतीत ‘तुमचा आदर्श कोण?’ असं कुणी विचारलं आणि तुम्ही धुळ्याचे असाल, तर दूरच्या उद्योगपतीचं नाव घेण्याआधी या माणसाचा विचार करा. मात्र मंडळात एकदा जाऊन ती दफ्तरं बघून आलेले असाल तरच घ्या त्यांचं नाव, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येणार.

स्पेलिंग, उच्चार आणि नेहमीच्या चुका

व्युत्पत्तीचा पहिला रोकडा फायदा स्पेलिंगमध्ये होतो. ‘अ‍ॅम्बिशस’ लिहिताना शेवटी ‘शस’ ऐकू येतं म्हणून अनेक मुलं ‘डिलिशस’च्या धर्तीवर ‘सी’ घालतात. तिथे ‘टी’ हवा. ‘इरे’ या धातूचं ‘इत’ हे रूप त्या शब्दात बसलेलं आहे: आय आणि टी. हेच दोन अक्षरांचं बेट ‘एक्झिट’मध्ये आहे (बाहेर जाणं), ‘ट्रान्झिट’मध्ये आहे (पलीकडे जाणं) आणि ‘सर्किट’मध्येही आहे (वर्तुळात फिरणं). चारही शब्द एकाच घराण्यातले. दौऱ्यावर फिरणाऱ्या साहेबाच्या मुक्कामासाठी जे बांधलं ते सर्किट हाउस. म्हणजे कलेक्टर व्हायची तुमची ‘अ‍ॅम्बिशन’ आणि कलेक्टरसाहेब उतरतात ते विश्रामगृह, दोघांचं गोत्र एकच. हे एकदा लक्षात राहिलं की ‘टी’ विसरत नाही.

उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘बि’वर येतो. आपण पहिल्या ‘अ‍ॅम’वर जोर देतो किंवा सगळ्या अक्षरांना सारखाच देतो. ‘बि’ किंचित उचलून म्हणा आणि ‘शन’ हळूच सोडून द्या. शेवटी ‘शियन’ करू नका.

आता वाक्यं. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारं वाक्य ‘माय अ‍ॅम्बिशन इज डॉक्टर’. मराठीत ‘माझं ध्येय: डॉक्टर’ हे खपून जातं, पण इंग्रजीत महत्त्वाकांक्षा हीच डॉक्टर आहे असा अर्थ होतो. ‘माय अ‍ॅम्बिशन इज टु बिकम अ डॉक्टर’ असं हवं. त्यातलं ‘टु बिकम’ गाळता येत नाही आणि डॉक्टरच्या आधीचं ‘अ’सुद्धा नाही. ‘अ‍ॅम्बिशन फॉर डॉक्टर’ तर कुठेच बसत नाही. ‘अ‍ॅम्बिशन ऑफ बिकमिंग’ चालतं, पण जरा जड होतं. ‘आय अ‍ॅम हॅविंग अ‍ॅम्बिशन’ हे ‘माझी इच्छा आहे’चं आपल्या पद्धतीचं रूप झालं. मनात कायम वसलेल्या गोष्टींना इंग्रजीत ‘हॅविंग’ लागत नाही, ‘आय हॅव अ‍ॅन अ‍ॅम्बिशन’ म्हणायचं. स्वर पुढे असल्यानं इथे ‘अ‍ॅन’ येतं. ‘आय हॅव अ‍ॅम्बिशन दॅट आय विल…’ असंही करू नका, ‘दॅट’ काढून सरळ ‘टु’ला जा. आणि ‘अ‍ॅम्बिशस’ हे विशेषण आहे, त्यामुळे ‘आय हॅव मेनी अ‍ॅम्बिशस’ हे वाक्य उभंच राहत नाही. तिथे ‘अ‍ॅम्बिशन्स’ हवं. अर्थात ज्याला पुष्कळ ‘अ‍ॅम्बिशन्स’ आहेत त्याला त्यातली एकही नीट नाही, असं मुलाखत घेणाऱ्याला वाटतं तेही खोटं नसतं.

क्रियापदांमध्ये ‘अचीव्ह’, ‘फुलफिल’, ‘रिअलाइज’ आणि ‘पर्स्यू’ ही चार पुरेशी आहेत. ‘कम्प्लीट माय अ‍ॅम्बिशन’ लिहू नका. ‘पूर्ण करणं’चा तो शब्दशः अवतार आहे.

एक वापर मला फार आवडतो, तो म्हणजे ‘अ‍ॅम्बिशस फॉर समवन’. दुसऱ्या कुणासाठी मोठं स्वप्न बाळगणं. ‘माय मदर वॉज अ‍ॅम्बिशस फॉर अस’ या छोट्या वाक्यात चोपडा-शहाद्याकडच्या कितीतरी आयांची गोष्ट बसते. कापूस वेचायला जाऊन मुलीला वसतिगृहात ठेवणाऱ्या बाईबद्दल इंग्रजीत लिहायचं झालं तर यापेक्षा बरं वाक्य शोधूनही मिळणार नाही. तिथे या शब्दाचा जुना वास कणभरही उरत नाही.

मुलींना या शब्दाबाबत आणखी एक धोक्याची सूचना. ‘महत्त्वाकांक्षी’ हे विशेषण मुलाच्या लग्नाच्या बायोडेटात भूषण म्हणून छापतात आणि मुलीच्या बाबतीत तेच कुजबुजीत टोमणा म्हणून वापरतात. हा दुटप्पीपणा इंग्रजीतही आहे, ‘अ‍ॅन अ‍ॅम्बिशस वुमन’ म्हणणाऱ्याचा सूर नेहमीच कौतुकाचा नसतो. यावर उपाय शब्द टाळणं नव्हे. स्वतःला विशेषण लावायचं नाही, काम सांगायचं. ‘आय अ‍ॅम व्हेरी अ‍ॅम्बिशस’ असं मुलानंही म्हणू नये. ते दुसऱ्यानं आपल्याबद्दल म्हणायचं असतं.

योजना ‘अ‍ॅम्बिशस’ असते तेव्हा

हा भाग नीट वाचा, कारण इथे आपली माणसं हमखास गोत्यात येतात. मराठी वर्तमानपत्रांत ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ ही स्तुती असते. अमळनेर तालुक्यातला पाडळसे इथला निम्न तापी प्रकल्प कित्येक वर्षं रखडला, तरी बातमीत तो ‘महत्त्वाकांक्षी’च राहिला. तापी मेगा रिचार्जही तसाच. इंग्रजीत योजनेला, वेळापत्रकाला किंवा प्रबंधाच्या विषयाला ‘अ‍ॅम्बिशस’ म्हटलं की त्यात मोठेपणाबरोबर एक शंकाही असते: हे झेपेल का?

तुमच्या संशोधनाच्या आराखड्यावर परदेशी प्राध्यापकानं ‘धिस इज रादर अ‍ॅम्बिशस’ असं लिहून पाठवलं, तर पेढे वाटू नका. तो सभ्य भाषेत ‘एवढं जमायचं नाही, आटोपतं घे’ असं सांगतो आहे. ‘ओव्हरअ‍ॅम्बिशस’ म्हणाला तर तेच सांगतो आहे, पण सभ्य भाषा सोडून. उत्तरात आभार मानावेत आणि आपण काय कमी करणार ते लगेच मांडावं. तीन तालुक्यांऐवजी एक, पाच पिकांऐवजी केळी, दहा वर्षांच्या नोंदींऐवजी तीन वर्षांच्या. अशा उत्तरानं प्राध्यापकाचं मत जितकं बदलतं तितकं कशानंच बदलत नाही.

कंपनीतही तेच. साहेबानं तुमच्या वेळापत्रकाला ‘अ‍ॅम्बिशस’ म्हटलं तर त्याच बैठकीत विचारून घ्या, यातलं आधी काय हवं आहे.

‘अ‍ॅस्पिरेशन’ हा वेगळा शब्द आहे

‘अ‍ॅम्बिशन’ फार तिखट वाटतो म्हणून हल्ली अनेक जण ‘अ‍ॅस्पिरेशन’ लिहितात. दोन्ही सारखेच समजू नका. ‘अ‍ॅस्पिरेशन’च्या मुळाशी श्वास आहे, लॅटिनमध्ये ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणं. एखाद्या गोष्टीच्या दिशेनं श्वास लागणं, ओढ लागणं. म्हणून तो शब्द मऊ, थोडा लांबचा आणि कमी हिशेबी आहे. भाषाशास्त्रातही तो श्वासाच्या अर्थानंच येतो. ख, घ, छ, झ या आपल्या महाप्राण वर्णांना इंग्रजीत ‘अ‍ॅस्पिरेटेड’ म्हणतात आणि त्या फुंकरीला ‘अ‍ॅस्पिरेशन’. दवाखान्यात हाच शब्द ऐकलात तर मात्र घाबरायचं कारण असू शकतं. तिथे अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाणं हा त्याचा अर्थ आहे.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये ‘मी अ‍ॅस्पिरंट आहे’ असं सांगायची पद्धत पडली आहे. भारतात ते सगळ्यांना कळतं. परदेशी वाचकासाठीच्या अर्जात मात्र ‘यूपीएससी अ‍ॅस्पिरंट, 2021 ते 2024’ एवढीच ओळ टाकली तर ती तीन वर्षं रिकामी दिसतात. त्या काळात काय वाचलंत, कुठला वैकल्पिक विषय घेतलात, अभ्यासिकेत धाकट्यांना शिकवलंत का, शेतीचा हिशेब सांभाळलात का, ते लिहा. निकाल लागला नाही हे लपवायची गरज नाही. पण ती वर्षं कुठे गेली ते दिसायला हवं.

नंदुरबारच्या मुलांसाठी एक खास गोष्ट. 2018 साली केंद्र सरकारनं देशातले काही मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना ‘अ‍ॅस्पिरेशनल डिस्ट्रिक्ट’ असं नाव दिलं. महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, यांच्याबरोबर नंदुरबारचा त्यात समावेश झाला. मराठीत ‘आकांक्षित जिल्हा’. ‘मागास’ हा शब्द बोचतो, म्हणून ही सरकारी सौजन्याची भाषा. गुणांकन आणि निधीच्या कामात ती ठीक आहे, पण ‘आय कम फ्रॉम अ‍ॅन अ‍ॅस्पिरेशनल डिस्ट्रिक्ट’ हे वाक्य लंडन-टोरांटोत कुणाला कळणार नाही. बाजारपेठेच्या इंग्रजीत ‘अ‍ॅस्पिरेशनल’ म्हणजे लोकांना हवीहवीशी वाटणारी, त्यांच्या ऐपतीच्या जरा वरची वस्तू. तुमचा जिल्हा त्या वाचकाला मॉलमधल्या महागड्या घड्याळासारखा वाटेल! त्यापेक्षा धडगाव किंवा अक्कलकुव्याचं वर्णन चार साध्या शब्दांत करा: डोंगर, विखुरलेले पाडे, दवाखान्यापर्यंतचं अंतर, शाळेची भाषा. वाचक त्यातून सगळं समजून घेतो.

अर्जात प्रत्यक्ष काय लिहायचं

रेझ्युमेच्या माथ्यावर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून जे वाक्य असतं, ते आपल्याकडे सायबर कॅफेच्या संगणकातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं आहे. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची आणि स्वतःची प्रगती साधायची आहे, अशा धाटणीचं. त्यात कुणाचंही नाव घाला, चालतं. ते काढून टाका. तिथे दोन ओळींत तुम्ही कोण, काय येतं आणि कुठलं काम शोधता आहात, एवढंच लिहा. ‘ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द ठरावीक काळात गाठायच्या, मोजता येणाऱ्या गोष्टीसाठी ठेवा. ‘गोल’ही जवळपास तसाच, फक्त बोलीत जास्त. शाळेतल्या निबंधातला ‘एम इन लाइफ’ शाळेतच राहू द्या. परदेशी विद्यापीठ मागतं ते ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे हाच अभ्यासक्रम का, इथेच का आणि आत्ताच का, याचं उत्तर. त्या दोन पानांत ‘अ‍ॅम्बिशन’ हा शब्द एकदाही आला नाही तरी चालतं.

एक उदाहरण घेऊ. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका मुलीला जैवतंत्रज्ञानात पुढचं शिक्षण घ्यायचं आहे, असं समजा. तिचा पहिला खर्डा साधारण असा असतो: ‘माय अ‍ॅम्बिशन इज टु बिकम अ ग्रेट सायंटिस्ट अँड सर्व्ह द नेशन.’ व्याकरण बिनचूक आहे आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तिला विचारायचं, सायंटिस्ट झालीस, पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत गेलीस, तर टेबलावर काय ठेवशील? ती म्हणेल, केळीचं पान. का? तर कुकुंबर मोझॅक विषाणू बागेत शिरला की पानांवर पिवळे पट्टे येतात आणि झाडं उपटून फेकावी लागतात. शेतकरी त्याला सीएमव्ही म्हणूनच ओळखतो. रोपं लावायच्या आधीच, रोपवाटिकेत, हा विषाणू स्वस्तात ओळखता आला तर? झालं, हीच तिची ‘अ‍ॅम्बिशन’. आता हेच इंग्रजीत: ‘आय वाँट टु डेव्हलप अ लो-कॉस्ट टेस्ट दॅट कॅन डिटेक्ट द व्हायरस इन बनाना सीडलिंग्ज बिफोर दे रीच द फार्मर.’ जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती एका वाक्यात पाठीशी ठेवली की जागाही कळते आणि कामाचं मोलही. ‘सर्व्ह द नेशन’ गाळलं तरी देशसेवा दिसतेच.

असंच प्रत्येकानं स्वतःला विचारावं: पद मिळालं, पहिला सोमवार उजाडला, तर सकाळी काय कराल? जे उत्तर येईल ते इंग्रजीत ‘टु’च्या पुढे लिहायचं. पीएसआय व्हायचं असेल तर तपास करायचा आहे, वाहतूक सुधारायची आहे की सायबर फसवणूक पकडायची आहे? तिन्हींची वाक्यं वेगळी होतील. उत्तर आलंच नाही तर इंग्रजी सुधारून काही होणार नाही. आधी त्या खात्यातल्या कुणाला तरी भेटून या.

आपल्या भागातल्या मोठ्या माणसांची चरित्रं या नजरेनं वाचून बघा. वाकोदचे भवरलाल जैन वाणिज्य आणि कायदा शिकले होते. सरकारी अधिकारीपदाची संधी समोर असताना त्यांनी ती सोडली आणि 1963 मध्ये घरच्या 7000 रुपयांवर जळगावात रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. पुढे त्यांनी आणलेलं ठिबक सिंचन आणि केळीची टिश्यू कल्चर रोपं यांनी खान्देशातल्या शेतीचं रूप पालटलं. पद नाकारून मोठं काम उभं केलेला हा माणूस. उलट बाजूला साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड. मुंबईत एमबीबीएस झाले, मग भारतीय प्रशासन सेवेत गेले. दोन्ही पदं अगदी आपल्या आवडत्या यादीतली. पण नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून त्यांचं नाव देशभर झालं ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच जिल्ह्यात ऑक्सिजन प्रकल्प उभे केले म्हणून. लोकांनी लक्षात ठेवलं ते काम. त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिताना तुम्हीही तोच क्रम ठेवा: आधी ऑक्सिजन, मग पद.

याच साक्री तालुक्यात दातर्तीजवळ पांझरेवरच्या कालव्याचं एक जुनं काम आहे. एम. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा नोकरीच्या आरंभी त्यांना मिळालेलं हे काम, नळाचा सायफन टाकण्याचं. पुढे म्हैसूरचं दिवाणपद आणि भारतरत्न मिळालेल्या या माणसानं आपल्या आठवणींत या आडगावच्या सायफनला जागा दिली आहे. पहिलं काम किती लहान होतं याची लाज वाटून ते रेझ्युमेतून गाळणाऱ्या मुलांनी हे मुद्दाम वाचावं. गणेशोत्सवाचा हिशेब ठेवला, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या नोंदी संगणकावर चढवल्या, जिनिंगमध्ये एक हंगाम वजनकाट्यावर बसलो, हे सगळं लिहिण्याजोगं आहे. काय केलं, अडचण काय आली, शेवटी काय झालं, या क्रमानं तीन ओळी पुरतात.

मुलाखतीच्या खोलीत

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला 275 गुण असतात आणि मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते, दुभाषा असतो. इंग्रजीचा धाक असेल तर हा मार्ग घ्यायला संकोचू नका. मात्र दुभाष्यालाही भाषांतर करायला काहीतरी हवं ना! ‘समाजाची सेवा करायची आहे’ या वाक्याचं भाषांतर जितकं सोपं, तितकंच ते पोकळ. मराठीतही पहिल्या सोमवारचंच सांगा.

‘व्हाय डू यू वाँट टु बी अ कलेक्टर?’ असं विचारलं की अनेक जण ‘फ्रॉम माय चाइल्डहुड’नं सुरुवात करतात. आपल्याला हवं ते ‘सिन्स माय चाइल्डहुड’. पण लहानपणाचा दाखला मुळातच टाळलेला बरा, कारण पाच वर्षांच्या मुलाच्या इच्छेवर कुणी जिल्हा सोपवत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही काय पाहिलंत, त्यावरून सांगा. गिरणा नदीतला वाळूउपसा पाहिलात, शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून विहिरींना पाणी आलेलं पाहिलंत, आश्रमशाळेत शिकवलंत. यातलं जे खरं असेल ते. ‘टेन इयर्स फ्रॉम नाउ?’ हा प्रश्न आला तर बढतीची शिडी वाचून दाखवू नका. दहा वर्षांनी कुठला प्रश्न सुटलेला बघायला आवडेल, ते म्हणा.

शेवटी शिफारसपत्राचं. आपल्याकडचे सर-मॅडम पत्रात प्रेमानं ‘ही इज अ व्हेरी अ‍ॅम्बिशस स्टुडंट’ असं लिहितात. मराठी मनात ती शाबासकी असते. परदेशी वाचकाला मात्र हा मुलगा स्वतःच्याच पुढे जाण्यात गुंतलेला आहे की काय, अशी शंका येऊ शकते. म्हणून पत्र मागायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. एका कागदावर तुमचा प्रकल्प, त्यात सरांनी पाहिलेलं तुमचं काम, एखादी चूक निस्तरल्याचा प्रसंग आणि अर्ज कुठे करणार ते मराठीत का होईना, लिहून द्या. सर त्यातलंच उचलून लिहितील आणि ‘अ‍ॅम्बिशस’ची गरज त्यांनाही पडणार नाही. कागद मुदतीच्या तीन आठवडे आधी द्या. दिवाळीच्या सुट्टीत कुणी सही करत नाही.